सहा आठवडे पाय धरून

मी प्लास्टर बोलतोय. भिंतीचं नव्हे, पायाचं. व्याकरणात मी ‘ते’ आहे हे मला ठाऊक आहे. पण ‘बोलतंय’ म्हटलं की तुम्हाला पाळण्यातलं मूल आठवेल, आणि मी तर जन्मलो तोच कडक व्हायला. म्हणून आपलं ‘बोलतोय’.

जन्माआधी मी पाकिटातल्या पांढऱ्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या होतो. हात लावला की भुकटी सांडायची. एका दुपारी इस्पितळातल्या प्लास्टरवाल्या मामांनी मला कोमट पाण्याच्या बादलीत बुडवलं, बुडबुडे थांबेपर्यंत धरून ठेवलं, हलकेच पिळलं आणि एका सुजलेल्या, वांगीरंगाच्या घोट्याभोवती गुंडाळायला घेतलं. आधी कापसाचा थर, त्यावर मी. बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या खाली चार बोटांपर्यंत. घट्ट होताना आम्हाला ताप भरतो. तो बाहेरच्यालाही जाणवतो.

“भाजतंय हो!” वरून आवाज आला.

“भाजत नाही, ते घट्ट होतंय. दहा मिनिटं पाय हलवू नका.”

“दहा मिनिटं?”

“आणि मग सहा आठवडे,” मामा म्हणाले.

ती ज्या सुरात “काय?” म्हणाली त्यावरून मी ओळखलं, की मला भलताच पाय मिळालाय.

तिला घरात सगळ्या ताई म्हणत. थोरली म्हणून आईही ताईच म्हणायची. वय चोवीस, नोकरी छापखान्यात. पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. दिवसभर लाल पेन हातात. छापखान्याच्या जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या ती कधीच उतरत नसे, तिथून उडी मारत असे. पायऱ्या उतरायला वेळ लागतो, हे त्याचं कारण. तीन वर्षं ती उडी बरोबर पडली. एका दुपारी पडली नाही.

घरी चौघी. आई, आईची थोरली बहीण म्हणजे मावशी, ताई आणि धाकटी चिंगी. बाहेरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची, खुर्चीपुढे स्टूल, स्टुलावर दोन उशा, उशांवर मी. इतका मान माझ्या जातीत क्वचित कुणाला मिळाला असेल.

माणसाचा पाय मोडला की घरातल्या मोठ्यांच्या तोंडाला पाय फुटतात, हे मी पहिल्याच संध्याकाळी शिकलो.

“मी सांगत होते,” मावशी म्हणाली.

“कधी सांगितलंस?”

“त्यात सांगायचं काय असतं? समजायचं असतं.”

“मग सांगत होतीस कशाला?”

“बघ, बघ. पाय मोडला तरी जीभ शाबूत.”

आई या भांडणात पडत नसे. ती शाळेत शिकवायची, दिवसभर बोलून घसा बसलेला असायचा. ती फक्त येता-जाता माझ्या बाहेर डोकावणारी पाच बोटं चिमटीत धरून बघायची, गार पडली नाहीत ना म्हणून. तेवढ्यानेही ताई वैतागायची. “आई, मी चोवीस वर्षांची आहे.” “बोटंही तेवढ्याच वर्षांची आहेत,” आई म्हणायची आणि आत जायची.

दुसऱ्या आठवड्यात छापखान्यातली मंडळी आली. त्यांनी माझ्यावर शुभेच्छा लिहिल्या. यंत्रावरच्या दादांनी नडगीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘लवकर बरि हो’. सगळे गेल्यावर ताईने वाकून ते वाचलं. तिच्याने राहवेना. लाल पेन काढून तिने ‘रि’ दीर्घ केला, बाजूला समासात करतात तशी खूणही केली. बांधणी विभागातल्या बाईंनी ‘आशिर्वाद’ लिहिला होता, तोही सुधारला. एकाने नुसतं फूल काढलं होतं. त्याच्या पाकळ्या एकीकडे चार आणि एकीकडे तीन होत्या. तिने कमी पडलेली चौथी रेखून दिली. मी पाय कमी आणि छापायला निघालेलं पान जास्त दिसू लागलो. चूक दिसली की हात आवरत नाही, असा तो स्वभाव. वाईट नव्हता. फक्त फार भराभर चालणारा.

आता चिंगीकडे येतो, कारण ही गोष्ट तिच्यामुळे घडली.

चिंगी अठरा वर्षांची. गाणी स्वतः करायची, गिटारवर स्वतः म्हणायची. आवाज असा, की ती आतल्या खोलीत गुणगुणली तरी माझ्या आतला पाय शांत व्हायचा, ठणका थांबायचा. पण एक खोट होती. लय पळायची. गाणं सुरू व्हायचं चालीत, तिसऱ्या ओळीला धावायला लागायचं आणि शेवटी शेवटी तर बस चुकेल असं वाटायचं. आदल्या वर्षी कॉलेजच्या सभागृहात साडेचार मिनिटांचं गाणं तिने तीन मिनिटांत संपवलं होतं. लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, “पाणी पी गं, पाणी!” त्यानंतर चार महिने गिटार खोळीतून बाहेर आली नव्हती.

आणि मी तीन आठवड्यांचा असताना पत्र आलं. गावाबाहेरच्या मैदानावर दरवर्षी उघड्यावर मोठा संगीत महोत्सव भरतो. तिथे नव्या गायकांसाठी झाडांखाली एक छोटं स्टेज असतं. चिंगीला तिथे वीस मिनिटं मिळाली होती. रविवारी, दुपारी साडेचार वाजता.

पत्र वाचून ती नाचली नाही. ती येऊन माझ्याशेजारी जमिनीवर बसली.

“ताई, या वेळी पळालं तर मी परत लोकांपुढे गाणार नाही. मस्करी नाही करत.”

“पळणार नाही. मी समोर असेन.”

“पण तुझा पाय?”

इथे मला समजलं, की मी नुसता पाय धरून बसलेलो नाही. लहानपणापासून चिंगी गायला लागली, की ताई समोर बसून उजव्या पायाने ठेका धरायची. चिंगी डोळे त्या पायावर ठेवून गायची. घरातली ती रीतच झाली होती. पळणाऱ्या लयीवर ताईने काढलेला तो उपाय. कॉलेजच्या सभागृहातही ती पहिल्या रांगेत होती. “त्या दिवशी माझा पाय होता म्हणून निदान तीन मिनिटं तरी झाली,” असं ती म्हणायची.

तो उजवा पाय आता माझ्यात होता.

“पाय नसेना, लाकडी पट्टी आहे,” ताई म्हणाली. “आण.”

रोज संध्याकाळी तालीम. चिंगी गाणार, ताई पट्टीने माझ्यावर ठोकणार. टक, टक, टक. मी कडक, आवाज छान यायचा. पण एक गोष्ट मला चमत्कारिक वाटायची. माझ्या एका बाजूला चिंगीचं गाणं यायचं, दुसऱ्या बाजूला पट्टी पडायची, आणि दोन्ही एकाच वेळी यायची नाहीत. पट्टी केसभर आधी यायची. मग गाणं तिला गाठायला धावायचं, तोवर पट्टी आणखी केसभर पुढे. मी म्हटलं, आपण नवखे, आपल्याला काय कळतंय गाण्यातलं. ही माणसं कॉलेजात शिकलेली. गप्प राहिलो.

“बघ, परत पळालीस,” ताई म्हणायची. “माझ्याकडे लक्ष ठेव ना.”

“ठेवलंय,” चिंगी म्हणायची, आणि काहीतरी आणखी बोलायचं असल्यासारखी गिटारच्या खुंट्या पिळत बसायची.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी घरात रण माजलं. मी पाच आठवड्यांचा झालो होतो.

“मैदानात? त्या गर्दीत? एका पायावर?” मावशी.

“कुबड्या धरल्या की तीन होतात. मोज.”

“डॉक्टर काय म्हणालेत?”

“पाय टेकवू नका म्हणालेत. गाणं ऐकू नका म्हणालेले नाहीत.”

“तुला कुणी धक्का दिला तर?”

“मावशी, तुला पंचवीस वर्षांपूर्वी कुणी धक्का दिला होता का? कारण तेव्हापासून तू कुठे गेलीच नाहीस.”

मावशीने तोंड फिरवलं. ताईला ते बोलल्यावर लगेच वाईट वाटलं, हे मला तिच्या आखडलेल्या बोटांवरून कळलं. पण तिने माफी मागितली नाही. तेव्हा आई आतून हात पुसत आली आणि नेहमीच्या बसलेल्या आवाजात म्हणाली, “अगं, तिला एकदा एकटीला गाऊ दे की. तू काय तिच्या गळ्यात बसून राहणार आहेस?”

“आई, तुला गाण्यातलं काही कळत नाही.”

“बरं,” आई म्हणाली.

आईच्या त्या ‘एकटीला गाऊ दे’कडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. माझंही.

रविवारी दुपारी निघताना मावशी वाकली आणि तिने मला एक प्लास्टिकची पिशवी चढवून वर रबर लावलं. “ओलं झालं तर विरघळेल,” एवढंच म्हणाली. ताईने मान डोलावली. टॅक्सी कोपऱ्यावर वळताच तिने ती पिशवी ओरबाडून काढली आणि खिडकीबाहेर फेकली. “कचऱ्याची पेटी दिसते मी यात.”

मैदानाच्या फाटकाशी गळ्यात ओळखपत्र घातलेली एक कार्यकर्ती धावत आली. चेहरा मायेने नुसता निथळत होता. तिने चिंगीला विचारलं, “यांना खुर्ची लागेल का? यांना पाणी हवंय का?”

“पाय मोडलाय, कान नाहीत मोडलेले,” ताई म्हणाली. “मला विचारा.”

चिंगीला लगेच स्टेजमागे जायचं होतं. तिने गिटार खांद्यावर चढवली. “ताई, तू समोर असशील ना? मधोमध?”

“मधोमध. पहिल्या रांगेत. जा तू.”

ती गेली. कार्यकर्तीने ताईला हाताशी धरल्यासारखं करत, खरं तर न धरता, नुसते हात पसरून, एका लाकडी मचाणाकडे नेलं. मोठ्या स्टेजपासून बऱ्याच मागे, उतरती फळी लावलेलं, भोवती कठडा असलेलं ऐसपैस मचाण. “चालण्याची अडचण असणाऱ्यांसाठी खास केलंय. इथून सगळं दिसतं. आता उठूच नका हं, काही लागलं तर हात वर करा.” आणि ती दुसऱ्या कुणावर माया करायला पळाली.

मचाणावर दोघीतिघी म्हाताऱ्या होत्या आणि चाकांच्या खुर्चीत एक गृहस्थ. पन्नाशीचे, डोक्यावर उन्हाची टोपी, मांडीवर शेंगदाण्यांची पुडी.

“पहिल्यांदाच?” त्यांनी विचारलं.

“पहिल्यांदाच मोडलाय.”

“किती दिवसांचं काम?”

“सहा आठवडे. पाच झाले. जीव नकोसा झालाय.”

“खरंय. मला एकवीस वर्षं झाली. पहिले पाच आठवडे फारच जड गेले होते.”

ताईचे कान तापले असावेत, कारण माझ्यातली बोटं एकदम थिजली. गृहस्थ मात्र मजेत शेंगदाणे सोलत होते. “अहो, थट्टा केली. घ्या.”

“काका, छोटं स्टेज इथून दिसतं का?”

“इथून सगळं दिसतं, फक्त आपण कुणाला दिसत नाही. छोटं स्टेज झाडांच्या पलीकडे. का?”

“माझी बहीण गातेय. साडेचारला. तिला मी दिसले पाहिजे, नाहीतर तिची लय पळते.”

त्यांनी घड्याळ बघितलं. चार वाजून सतरा मिनिटं. मधे सगळं गवत, सतरंज्या, डबे, पोरं, खुर्च्या आणि हजारभर माणसं.

“गवतातून तुमच्या कुबड्या रुततील आणि माझी चाकंही. पण खाण्याच्या दुकानांच्या मागून सामान न्यायला फळ्या टाकल्यात. दरवर्षी टाकतात. मी तिथूनच हिंडतो. यायचंय?”

“तुम्ही कशाला त्रास—”

“तुमच्यासाठी नाही हो. मला कंटाळा आलाय. मोठ्या स्टेजवरचा तो मघापासून नुसता माईक तपासतोय.”

आम्ही निघालो. पुढे ते, मागे आम्ही. ते चाकं ढकलत मोठ्याने ओरडत होते, “बाजूला, बाजूला! ब्रेक नाहीत! माझ्याकडे परवानाही नाही!” माणसं हसून बाजूला होत होती. ताई एरवी कुणा काकांच्या मागून मुकाट चालेल अशी मुलगी नव्हे. पण त्या दिवशी चालली.

माझं जग गुडघ्याखालचं. म्हणून मी सांगतो ते तुम्हाला कुणी सांगणार नाही. गाण्याच्या जत्रेत पाय बघावेत. मोठ्या स्टेजवर एकदाचं गाणं सुरू झालं आणि मी दोन्ही बाजूंना पाय बघत गेलो. एक जाड बूट टाच आपटत होता. एक लहान पाय दुसऱ्याच गाण्यावर नाचत होता. एका आजोबांचा अंगठा नुसता वर व्हायचा, पुन्हा खाली. गाणं एक, पाय शंभर, आणि ठेके त्याहून जास्त. आणि ते सगळं निवांत चाललं होतं. कुणी कुणाला ‘पळालास’ म्हणत नव्हतं.

पण आमचा वेग मात्र गोगलगायीचा. कुबड्या पुढे, मग उडी. कुबड्या पुढे, मग उडी. वाटेत लोक माझ्याकडे बघत. काहीजण नको इतके लांब सरकत, जणू मोडलेलं हाड साथीचा रोग आहे. एक बाई “बिचारी” म्हणाल्या. एकाने चालता चालता विचारलं, “कसं झालं?” ताई म्हणाली, “घाईने,” आणि पुढे गेली. तिच्या काखा सोलवटल्या होत्या. चांगला पाय थरथरत होता.

पाण्याच्या टाकीपाशी फळ्या संपल्या. नळ गळत होता, भोवती चिखल. पलीकडे झाडं, आणि झाडांमधून गिटारचा आवाज.

“सुरू झालं!” ताई म्हणाली.

“थांबा, मी कुणाला तरी—”

ती थांबणारी नव्हतीच. तिने कुबड्या चिखलात रोवल्या आणि उडी मारली. चांगला पाय घसरला. तोल सांभाळताना मी खाली टेकलो. सबंध टाच गार चिखलात. हाडावर भार आला नाही, तेवढं मी केलं. पण माझी टाच भिजली, आणि भिजलेलं प्लास्टर म्हणजे पिठाचा गोळा, हे मी मावशीच्या तोंडून ऐकलेलं होतं. ती पिशवी आता कुठल्या रस्त्यावर उडत असेल कोण जाणे. ताई एक शिवी हासडून सावरली आणि पुढे निघाली. काका अलीकडेच राहिले.

आम्ही पोहोचलो ते स्टेजच्या बाजूला. मधोमध जायला वाटच नव्हती, माणसं खेटून बसली होती. आमच्या आणि चिंगीच्या मधे माणसाएवढा स्पीकर. आम्हाला तिची अर्धी बाजू दिसत होती; तिला आम्ही मुळीच दिसत नव्हतो. पहिलं गाणं संपून दुसरं चालू होतं. तेच, सभागृहातलं. चिंगी गाताना मान उंचावून गर्दीत बघत होती. पहिली रांग, मधली रांग, परत पहिली. कुणालातरी शोधत.

स्टेजला लोखंडी नळीचा कठडा होता. ताईने एक कुबडी काखेतून काढली आणि उलटी धरली. नळीवर ठोकलं असतं तर चिंगीला नक्की ऐकू गेलं असतं. माझ्यातली बोटंही वर उठू लागली होती. पाच आठवडे कोंडलेला तो पाय ठेका धरायला धडपडत होता, आणि मी, माझं कामच ते, त्याला धरून होतो.

“हळू झालंय,” ती दातांमधून पुटपुटली. “फारच हळू. रेंगाळतेय. सावरायला हवं.”

कुबडी वर गेली. आणि चिंगीने ती ओळ म्हटली.

*उन्हात वाळत घातलंय मी कालचं सारं बोलणं.*

ही ओळ मी तालमीत पन्नास वेळा ऐकली होती. तालमीत ती ‘उन्हातवाळतघातलंयमी’ अशी एका दमात यायची, एकाला एक चिकटून. आज ‘उन्हात’ आलं आणि थांबलं. खरोखर ऊन पडल्यासारखं वाटलं. मग ‘वाळत’. मग ‘घातलंय’. दर दोन शब्दांच्या मधे चिंगी गर्दीवरून नजर फिरवत होती, आणि तेवढ्या वेळात गिटारची तार एकटीच वाजत राहायची.

कुबडी हवेत तशीच राहिली.

छापखान्यात एक चूक नेहमी होते. दोन शब्दांमधली जागा गळते आणि शब्द जोडून येतात. ताई तिथे लाल पेनाने एक खूण करते: इथे जागा सोडा. तीन वर्षांत तिने अशा हजारो खुणा केल्या असतील. त्या कठड्याशी तिने आयुष्यात पहिल्यांदा ही चूक डोळ्यांऐवजी कानांनी पकडली. आणि चूक कुणाची, तेही तिला तिथेच उमजलं असावं. कारण माझ्या आतली बोटं, जी गाण्याच्या केसभर पुढे पुढे उठत होती, ती एकाएकी थांबली. मग चिंगीच्या मागून, तिची वाट बघत, एकदाच हळूच हलली.

तिने कुबडी खाली घेतली. पुन्हा काखेत घातली. आणि तिथेच, स्पीकरच्या आड, कुणालाही न दिसता उभी राहिली.

गाणं संपलं. मग टाळ्या. सभागृहातल्या हसण्याचा त्यात लवलेश नव्हता. कुणीतरी “पुन्हा एकदा!” म्हणालं, आणि चिंगी इतकी दचकली की तिने मागे वळून पाहिलं, आपल्यालाच म्हणतायत ना म्हणून.

नंतर ती गिटारसकट धावत आली. डोळे भरलेले.

“कुठे होतीस तू? मी मेले होते! तू दिसेचनास. मी शोधत शोधत गायले, तेवढ्यात सगळं हळू होऊन बसलं. फार हळू झालं ना गं? चुकलं ना?”

दुसऱ्याची चूक सांगायला ताईला कधी दोन क्षण लागत नसत. आता तिने आधी दोन्ही कुबड्या नीट टेकवल्या.

“नाही चुकलं,” ती म्हणाली. “आज बरोबर झालं. एरवी चुकतं. आणि ते तुझ्यामुळे नाही. माझा पाय पळतो, चिंगे. तू त्याच्या मागे पळतेस.”

चिंगी नाकाशी हात नेऊन थांबली. मग खाली, माझ्याकडे बघत म्हणाली, “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“तेच. तू पुढे जातेस ते. सातवीत असल्यापासून.”

“सातवीत?” ताई ओरडलीच. शेजारच्या सतरंजीवरचे लोक वळले. “मग बोलली का नाहीस? त्या दिवशी सभागृहात सगळे तुला हसले, आणि तू... अगं, तोंड नव्हतं का तुला?”

“तुला काय सांगायचं?” चिंगी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. “तू मोठी आहेस ना.”

पाच आठवडे मी त्या घरात बसून ताईच्या तोंडून मोठ्या माणसांची उणीदुणी ऐकली होती. ऐकून न घेणारी, सगळं ठाऊक असणारी, विचारलं तर चिडणारी माणसं. त्या यादीत स्वतःचं नाव निघेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. मग ती हसायला लागली. हसता हसता रडली, तोल गेला, आणि चिंगीने तिला काखेत धरलं. तेवढ्यात फळ्यांवरून काकांची आरोळी आली, “मुलींनो, चिखलातून मला कुणी आणणार आहे का? मी एकही गाणं धड ऐकलेलं नाही!”

घरी आल्यावर मावशीने माझी भिजकी टाच बघितली. ताई आधीच म्हणाली, “पिशवी मी फेकली. चूक माझी.” मावशीला हे इतकं अनपेक्षित होतं की ती नुसतीच “बरं, वाळव” म्हणून आत गेली. आत जाऊन आईला म्हणाली, “तिला ताप आहे का बघ गं.”

सहावा आठवडा संपला. आज आम्ही पुन्हा इस्पितळातल्या त्याच प्लास्टरच्या खोलीत. चिंगी सोबत. मामांनी गरगर आवाज करणारी करवत काढली. ती कातडी कापत नाही, फक्त मला कापते. दोन्ही बाजूंनी रेघ ओढली आणि मी शिंपल्यासारखा उघडलो.

आणि आतला पाय बघून मला माझीच शरम वाटली. मी ज्याला इतकं जपलं, तो काटकी झाला होता. पोटरीवरचं मांस गेलेलं, कातडीला भुसा, घोटा ताठ. ताईने दोन्ही पाय शेजारी ठेवून बघितले. एक तिचा, एक कुणा दुसऱ्याच मुलीचा वाटत होता.

“हे काय झालं?”

“धरून ठेवलं की असंच होतं,” मामा म्हणाले. “हाड जुळायला धरावंच लागतं. पण जास्त धरलं तर पाय स्वतःचं काम विसरतो. चालायला लागा. येईल भरून.”

मग त्यांनी मला उलटं करून, पोटरीवर कोपऱ्यात त्यांनीच पहिल्या दिवशी निळ्या पेनाने लिहिलेली, मला काढायची तारीख ताडून पाहिली. आजचीच होती. एक रेघ मारून त्यांनी मला कोपऱ्यातल्या पिंपात टाकलं.

ताई टेबलावरून उतरली. पाऊल टेकलं, “आई गं” म्हणाली, पुन्हा टेकलं. चिंगीने हात पुढे केला होता, पण तिने तो धरला नाही. भिंतीच्या कडेने दारापर्यंत गेली. चिंगी एक पाऊल मागून चालत होती.

आता मी दोन तुकड्यांत पिंपात पडलोय. वर कुणाचा तरी हात आहे, खाली कुणाचा गुडघा. नडगीवरची लाल दुरुस्ती अजून वाचता येते. संध्याकाळी आम्हाला घेऊन जाणारी गाडी येईल. दुःख नाही. मला जे करायचं होतं ते झालं.

जाता जाता तुमच्यापैकी जे कुणाचे थोरले आहेत, आई-बाप, मास्तर, ताई, दादा, त्यांच्याशी बोलायचंय. धरा हो. मोडलेलं असेल तेव्हा घट्ट धरा, कुणी कितीही धडपडलं तरी. पण आम्हाला एक सोय आहे ती तुम्हाला नाही: आम्हाला सोडायची तारीख धरायच्या दिवशीच आमच्या अंगावर लिहिलेली असते. तुमच्या अंगावर ती कुणी लिहीत नाही. ती तुमची तुम्हालाच लिहावी लागेल. पेन मागून घ्या कुणाचं तरी, आणि आजच लिहा.